येसराचं चूलबंद आवतन

मला प्रमोशनचे चार प्रकार तोंडपाठ आहेत, आणि चौथ्या प्रकारानं माझं गाव सुटलं.

हे आठवायला निमित्त झालं आमच्या नातीचं. ती इथं लातूरला कॉलेजात शिकते, घरी केक करते आणि ते विकले जावेत म्हणून दिवसभर मोबाईलकडं तोंड करून हसते. परवा ती मोठ्यानं वाचत होती, की छोट्या धंद्याचं प्रमोशन किती तऱ्हांनी करता येतं. मी शेंगा फोडत होते. न राहवून म्हटलं, "चार." ती म्हणाली, "आजी, आता चौदा झालेत." (झाले असतील. माझ्या वेळी चार होते तर मी कंधारहून लातूरला येऊन पडले. चौदा असते तर कुठं जाऊन पोचले असते कोण जाणे.) तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करून राहिली. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

तेव्हा आम्ही कंधारला राहत होतो. किल्ल्याच्या खंदकाकडं जाणाऱ्या गल्लीत आमच्या दोन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणात लिंबाचं झाड. शेजारी शमीमआपा. ती दारात बसून बायकांना बांगड्या भरायची. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावरून वाटीभर साखर, ताटभर शिरखुर्मा, रडकी पोरं आणि नवऱ्यांच्या तक्रारी अशी सगळी वाहतूक दिवसभर चालायची. (शमीमआपा आता हिमायतनगरला लेकीकडं असते. आठवड्याला फोन करते. पण बोलता बोलता तिला माझा हात धरायची सवय होती, आणि फोनवरून तेवढं जमत नाही.)

आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. एका दिवाळीनंतर जिनिंग बंद पडलं ते पडलंच. माझ्या धाकट्या दिरांचं लातूरला दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांत नव्यानं तार भरून द्यायचे. त्यांनी निरोप धाडला, की दादा, तू ये, मला हाताखाली गडी नको, जोडीला भाऊ पाहिजे. हे लगेच तयार झाले. मी नाही झाले. का, म्हणून विचाराल तर सांगण्यासारखं एकही कारण माझ्याकडं नव्हतं. संध्याकाळी तलावावरून वारा सुटायचा, अंगणात वळायचा आणि नेमका माझ्या चुलीत शिरायचा. सगळं घर धुरानं भरायचं. मी रोज त्या वाऱ्याला शिव्या द्यायची. पण तसला वारा लातूरला नसणार, या विचारानं मला रात्रीची भाकरी गोड लागेना.

मग मी जाहीर केलं, की मी येसर विकणार.

येसर म्हणजे मराठवाड्यातल्या लग्नाचा जीव. गहू, जोंधळा, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरं, मिरे असं सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. मूठभर पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की घटकेत अशी आमटी होते, की वऱ्हाडी मंडळी नवरानवरीला विसरतात. माझ्या हातचं येसर चांगलं होतं. हे मी आज सांगते ते खरं सांगते. तेव्हा मात्र मी हे दिवसातून पाच वेळा सांगायची, तेही न विचारता.

ह्यांनी एक अट घातली. म्हणाले, पाडव्यापर्यंत गावातल्या पाच दुकानदारांनी तुझं येसर दुकानात ठेवलं तर राहू. नाहीतर पोरांची परीक्षा झाली की सामान बांधायचं.

"बांधायचं," मी म्हणाले. पाच दुकानदार म्हणजे काय? चौकात उभं राहून नुसतं खाकरलं तर दहा गोळा होतील, असा माझा हिशेब होता. त्या वयात मला स्वतःबद्दल बरंच काही वाटायचं.

त्यातच बचत गटाच्या बायकांसाठी नांदेडला तीन दिवसांचं शिबिर निघालं. तिथं एक तरुण सर होते. शर्ट इतका कडक इस्त्रीचा, की ते वळले तरी शर्ट वळायचा नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं, प्रमोशनचे प्रकार चार: छापील, सवलत, तोंडी आणि नमुना. प्रत्येकाचा उपयोग वेगळा, वेळ वेगळी, चारही एकदम करू नयेत, आपला माल आणि आपलं गिऱ्हाईक बघून निवडावेत. मी चार प्रकार पोराच्या वहीत लाल पेननं उतरवून घेतले. पुढचं वाक्य उतरवायचं राहिलं, कारण तेवढ्यात चहा आला.

परतीच्या बसमध्ये मी शेजारच्या बाईला चारही प्रकार समजावून सांगितले. ती लोह्याला उतरली. तिला खरं तर कंधारलाच उतरायचं होतं, हे मला नंतर कळलं.

पहिला प्रकार छापील. आमच्या गावातल्या प्रेसवाल्या काकांनी जन्मभर दोनच गोष्टी छापल्या होत्या, लग्नपत्रिका आणि तेरवीची कार्डं. मी हँडबिल म्हटल्यावर त्यांनी त्यातल्या त्यात शुभ ते निवडलं. पिवळा कागद, लाल शाई, वर गणपती ("गणपतीचं काही पडत न्हाई, तो आपल्याकडून," असं म्हणाले), आणि खाली: आमचे येथे श्री रेणुकामातेच्या कृपेकरून शुद्ध घरगुती येसर तयार करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येऊन लाभ घ्यावा. त्याखाली माझ्या दोन्ही पोरांची नावं आणि 'आमच्या आईच्या येसराला यायचं हं' असा लाडिक मजकूर. तारखेची जागा मोकळी होती. मी म्हटलं, काका, ही तारीख कसली? ते म्हणाले, असू द्या, हातानं भरता येते, कधी उपयोगी पडंल.

मला ते हँडबिल इतकं आवडलं, की मी ते घरी येईपर्यंत तीनदा वाचलं आणि दोनदा डोळे पुसले. लोकांनी ते रीतसर वाचलं आणि देवाच्या फोटोमागं, बाकीच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवलं. तारीख नव्हती, त्यामुळं कुणी आलं नाही.

दुसरा प्रकार सवलत. एका पुड्यावर एक पुडा फुकट. बायका आल्या, फुकटचा पुडा घेतला, आणि विकतचा पुढच्या वेळी नेते म्हणाल्या. शमीमआपा भिंतीवरून बघत होती. तिनं विचारलं, "भाभी, तू दुकान मांडलंय का खैरात वाटून राहिलीस?" मी तिला सांगितलं, की यालाच धंद्यात सवलत म्हणतात. ती म्हणाली, हो का, मग आमच्या दर्ग्यापुढं बसणारे फकीर मोठे गिऱ्हाईक म्हणायचे तुझे.

पण तीच शमीमआपा तिसऱ्या प्रकाराला धावून आली. तोंडी प्रसिद्धी. बांगड्या भरायला आलेल्या बाईचा हात तिच्या हातात असायचा, बाई कुठं पळणार? मनगटापाशी बांगडी अडली, की शमीमआपा तिथंच थांबायची आणि येसराचं बोलणं काढायची. बाईनं "घेते गं, घेते" म्हटल्याशिवाय बांगडी पुढं सरकायची नाही. आठ दिवसांत माझे बरेच पुडे गेले. खरं सांगायचं तर चार प्रकारांतला हा एकच चालला होता, आणि मी तसंच चालू दिलं असतं तर आज हे लिखाण कंधारहून आलं असतं.

फक्त एक झालं. शमीमआपाला कुठलीही गोष्ट साधी सांगता येत नसे. नुसतं चांगलं आहे, घ्या, यात तिला राम वाटेना. म्हणून ती प्रत्येकीला कानात सांगायची, "घे गे बाई. न्हाई तर ही बिचारी चालली लातूरला. सामान बांधून राहिलेत." म्हणजे येसर एका घरी पोचलं, की माझं लातूरला जाणं चार घरी पोचायचं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पुडे मोजत होते आणि वाटेनं हसत जात होते. बायका माझ्याकडं जरा जास्तच प्रेमानं बघतात, हे लक्षात आलं होतं. पण ते मी माझ्या मालाच्या खात्यावर धरलं.

पाडवा आठ दिवसांवर आला. पुडे गेले होते, पण ते बायकांच्या घरात. दुकानदार एकही नव्हता. चौकातले गंगाधरशेट हे गावातल्या किराणावाल्यांचे पुढारी. ते ठेवतील ते बाकीचे ठेवणार. ते म्हणाले, वैनी, आधी चव दाखवा, मग बघू. मी मनात म्हटलं, हाच तो चौथा प्रकार. नमुना.

बेत असा होता. एक मोठं पातेलं आमटी करायची. दुपारी बाराला गल्लीतल्या बायकांनी यायचं, अर्धी अर्धी वाटी चाखायची. एकला पाच दुकानदार येणार. त्यांना दिसणार, की अंगणात बायका मिटक्या मारून राहिल्यात. मग ते कसे नाही म्हणतील? (आजही मला या बेतात चूक दिसत नाही. चूक पुढं आहे.)

बोलावणं धाडायला कोंडाबाई होती. गावात कुणाकडंही काही कार्य असलं तर घरोघर आवतन द्यायचं काम तिचं. मी उरलेली हँडबिलं काढली, तारखेच्या मोकळ्या जागेत गुरुवार, दुपारी बारा असं सुवाच्य अक्षरात भरलं, आणि नुसता कागद कोरडा दिसतो म्हणून प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट लावून वर चिमूटभर अक्षता ठेवल्या. कोंडाबाईनं गठ्ठा पदरात घेतला आणि तिच्या रिवाजाप्रमाणं विचारलं, "घरटी एक सांगू का चूलबंद?"

आता हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारं माणूस, पाळण्यातलं लेकरू, आलेला पाहुणा, सगळ्यांनी आपल्याकडं पोटभर जेवायचं. याचा अर्थ मला ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. पण शिबिराला जाऊन आलेल्या माणसाला आपल्या गावातले अर्थ लागू होत नाहीत. सरांनी सांगितलं होतं, की नमुन्याची चव घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर गेली पाहिजे. तेवढं एकच माझ्या डोक्यात वाजत होतं.

"घरातलं कुणी सुटायला नको," मी म्हणाले. "ल्हान-थोर, समद्यांच्या तोंडी लागलं पाह्यजे."

"म्हंजी चूलबंद."

"हाव. चूलबंद."

"अन् कशाचं हाय म्हणून सांगू?"

"त्यात लिव्हलंय समदं," मी म्हणाले. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं, आणि हेही मला चांगलं ठाऊक होतं.

गुरुवारी बाराला पाच कमी असताना पहिली बाई आली. तिच्यामागं तिचा नवरा, सासू, सासरा, तीन पोरं आणि माहूरहून आलेला एक पाहुणा. पाहुण्यानं हातपाय धुवायला पाणी मागितलं. मला बरं वाटलं. म्हटलं, प्रतिसाद चांगला आहे. दुसऱ्या घरातून नऊ माणसं आली. तिसऱ्या घरातून अकरा, त्यांत एक खाटेवरची म्हातारी, खाटेसकट. मग मी मोजायचं सोडलं. पोरं ताटं घेऊन आली होती आणि चमच्यानं वाजवत होती. अर्ध्या तासात अंगण भरलं, ओटा भरला, शमीमआपाचं अंगण भरलं, आणि रांगेचं शेपूट खंदकाकडं वळलं. मी एका हातात वाटी आणि एका हातात पळी घेऊन उभी होते. अर्धी अर्धी वाटी.

शमीमआपानं भिंतीवरून ओरडून विचारलं, "भाभी, भात कुठं हाय?"

"भात कशाला? नमुना हाय."

"नमुना हाय तर लोकं खाटा घेऊन कशाला आलेत?" ती म्हणाली, आणि गल्लीकडं बघून तिनं कपाळाला हात लावला. "एकाही घरावर धूर न्हाई. तू चूलबंद सांगितलंस का?"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. शमीमआपानं दर्ग्याच्या नियाजेच्या जेवणाला लागणारी मोठी देग बाहेर काढली. माझ्या माहेराहून वर्षाचा तांदूळ आला होता, ते पोतं हे उचलून घेऊन आले आणि दातानं सुतळी तोडली. मी आमटी वाढवायला लागले. एक घागर पाणी, एक मूठ येसर. दोन घागरी पाणी, एक मूठ येसर. नंतर येसराचे पुडे संपले आणि नुसत्या घागरी राहिल्या. पाचव्या खेपेला ती आमटी नव्हती, आमटीची आठवण होती.

लोकांनी मात्र तक्रार केली नाही. उलट जेवून उठलेली प्रत्येक बाई माझ्याकडं यायची, पदर सावरायची, खण-नारळ काढून माझी ओटी भरायची आणि डोळ्याला पदर लावायची. चार जणींनी ओटी भरली तेव्हा मला वाटलं, चवीची पावती आहे. दहा जणी रडल्या तेव्हा वाटलं, मिरे जरा जास्त पडले. तिकडं लिंबाखाली पुरुषमंडळी ह्यांना टॉवेल-टोपी देत होती. एक टोपी घालायचे, दुसरा यायचा, पहिली काढून दुसरी घालायचे. एकानं तर हार आणला होता.

मग कोंडाबाई आली. तिनं ओटीत नारळ घातला, माझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "लातूरला गेलीस म्हणून इसरू नको, माय."

"कोण चाललंय लातूरला?"

"आता का लपवून राहिलीस? निरोपाचं जेवण हाय न्हवं हे?"

घरोघर तिला विचारलं होतं, कार्य कशाचं आहे? मुलगी दहा वर्षांची, तेव्हा लग्न नव्हे. घर जुनंच, तेव्हा वास्तुशांती नव्हे. आणि बांगड्या भरताना तर सगळ्यांनीच ऐकलं होतं. कोंडाबाईनं आपल्या मनानं दोन्ही जोडलं होतं, आणि खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर मीही तेच जोडलं असतं.

मी मधल्या भिंतीवर चढले. ओटीतले नारळ दोन्ही हातांनी धरून जीव तोडून सांगितलं, की मी कुठंही जाणार नाही. मग बायका पहिल्यापेक्षा जास्त रडायला लागल्या. "जीव गुतलाय बिचारीचा," असं कुणीतरी म्हणालं.

अशा वेळी, एकच्या ऐवजी अडीचला, पाच दुकानदार आले. गंगाधरशेटनी वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि सभ्य माणूस पाहुणा असताना बघतो तसं आभाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "वैनी, माल चांगलाच असंल. आमच्या घरी पुडा आलाय, ठावं हाय आम्हाला. पण तुम्ही चाललात. रोजचा माल लातूरहून कोण आणून देणार?"

"आम्ही चाललो न्हाई हो, शेटजी."

त्यांनी लिंबाखाली बघितलं. तिथं आमचे हे गळ्यात हार, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर सात टॉवेल अशा थाटात उभे होते. गंगाधरशेटनी पिशवीतून आठवा टॉवेल काढला आणि तिकडं गेले.

लोक गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. समोर पत्रावळींचा ढीग. मी म्हणाले, उद्यापासून मी घरोघर जाऊन सांगते, की चूक झाली. शमीमआपालाही सांगायला लावते. पाडव्याला अजून तीन दिवस आहेत.

हे टोप्या एकात एक घालून त्यांची चळत लावत होते. चळतीकडंच बघत म्हणाले, "जिनिंग बंद पडल्यापासून मी चौकातून जात न्हाई. मागल्या गल्लीनं जातो. तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"काय करून राहिलात सध्या, असं विचारतेत लोकं. आज कुणी न्हाई विचारलं. आज समदा चौक माझ्या दारात आला, मला टोपी घातली." शेवटची टोपी चळतीत बसवून म्हणाले, "आता जाऊ दे मला, सुमन. अशात जाऊ दे."

चार प्रकार पाठ केलेली बाई मी. गिऱ्हाईक कुठून येतं, कुठं जातं, काय बघतं, सगळं लाल पेननं लिहून घेतलेलं. आणि माझा नवरा पाच महिने कुठल्या गल्लीनं घरी येतो, ते मला माहीत नव्हतं. मी उठले आणि पत्रावळी गोळा करायला लागले. दुसऱ्या दिवशी कुणाच्याही घरी गेले नाही.

(ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या टोप्या त्यांनी लातूरला आल्यावर एक एक करत सगळ्या वापरल्या. दुकानात आठवडाभर रोज नवी टोपी बघून दिरांना वाटायचं, दादाचं कंधारला बरं चाललं होतं.)

परीक्षा संपायला अजून महिना होता. निरोप घेऊन झाल्यावर एक महिना त्याच गल्लीत राहणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. नळावर गेले की बायका दचकायच्या. "अजून हितंच?" असं विचारायच्या आणि लगेच, "न्हाई, बरं झालं," असं म्हणायच्या. खण दिलेल्या बायका मी तो शिवला का ते बघायच्या. मंडईत एकीनं तर मला बघून बघितलं नाही असं केलं, कारण दुसऱ्यांदा रडायला तिच्याकडं वेळ नव्हता. शेवटी शेवटी मी मागल्या गल्लीनं जायला लागले. तिथं हे भेटायचे. आम्ही दोघं सोबतच घरी यायचो. खोटं कशाला बोलू, त्या महिन्याइतकं आम्ही दोघं कधी एकत्र चाललो नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी भिंतीपाशी गेले. शमीमआपा बांगड्यांची पेटी पुसत होती. वर न बघता म्हणाली, "मी उद्या बाहेर येणार न्हाई हां, भाभी. माझं रडून झालंय. दोन-दोनदा रडायला मी काय येडी हाय?" आणि माझा हात ओढून घेऊन, न विचारता, दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या भरल्या. एकही अडली नाही.

सकाळी टेम्पो आला. सामान चढलं, पोरं चढली, हे चढले. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. का असेल? माझा निरोप महिन्याभरापूर्वीच वाजतगाजत, चूलबंद उरकला होता. शिबिरात सांगितलं होतं, प्रमोशन मुहूर्ताच्या फार आधी करू नये, लोक विसरतात. तेही लिहून घ्यायचं राहिलं असावं.

शमीमआपाच्या दाराला पडदा होता. टेम्पो तिथून पुढं गेला. पडदा हलला का नाही, मला नीट दिसलं नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, दादा, काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय, एक चक्कर मारा आणि जरा हळू घ्या. त्यानं मारली. पडदा तसाच. मी म्हटलं, आणखी एक, आणि हॉर्न वाजवा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मागं ह्यांच्याकडं बघितलं आणि हॉर्न दाबला. तिसऱ्या चकरेला तर तो न सांगताच हॉर्न वाजवत, अगदी पायी चालल्यासारखा निघाला.

तेव्हा गल्लीच्या टोकाचं एक दार उघडलं. नवी नवरी होती, पाडव्यानंतर लग्न होऊन आलेली. ती मला ओळखत नव्हती. डोक्यावर पदर घेत टेम्पोजवळ आली आणि म्हणाली, "आत्याबाई विचारतेत, काय आणलंय इकायला?"

मी म्हणाले, "मीच हाय. ठिवून घेता का, विचार."

ती खरंच आत गेली, विचारून आली.

"नको म्हणतेत," ती म्हणाली.